दुसरं बोलावणं

पत्र

ताई, मी सातपूरला राहतो, वय २४. गाव दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. दिवसा अंबडच्या एका कंपनीत शिफ्ट करतो आणि सहा वर्षं डीजेइंग करतोय. हळदी, रिसेप्शन, गणपतीत मिरवणूक, अधूनमधून कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत संध्याकाळ. पण खरं प्रेम हाऊस आणि टेक्नोवर, म्हणजे क्लबात नाचायला वाजवतात त्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर. माझ्याबरोबरच शिकायला लागलेला एक मित्र दीड वर्षात रील्सच्या जोरावर कुठच्या कुठे गेला. पुण्याची, गोव्याची बुकिंग्ज घेतो. तो घरून तयार केलेला सेट पेनड्राईव्हवर आणतो, बटण दाबतो आणि हात वर करून नाचतो, हे मी स्वतः बघितलंय. आता एका एजन्सीने मला ९० हजारांचं पॅकेज सांगितलंय: फॉलोअर्स, ‘टॉप डीजे’ पुरस्कार, दोन मुलाखती आणि एका मोठ्या कार्यक्रमात १५ मिनिटं. ५ हजार टोकन देऊन बसलोय. वडील यंदाच्या द्राक्षाच्या पैशातून बाकीचे द्यायला तयार आहेत. त्यात त्या मित्राने एका वायनरीतल्या कार्यक्रमात त्याच्या आधी एक तास वाजवायला बोलावलंय, तेही फुकट. मला अपमान वाटला. पैसे भरू का? सगळं हवेवरच चालत असेल तर अंगातल्या गुणाला काही किंमत आहे का?

उत्तर

मित्रा,

आधी उत्तर देते, मग कारणं. नव्वद हजार भरू नकोस. आणि मित्राने दिलेला तो एक तास घे, पण फुकट घेऊ नकोस. पत्रात तू या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेस, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. डीजेला पहिलं बोलावणं एका कारणाने येतं आणि दुसरं वेगळ्याच कारणाने.

पहिलं बोलावणं हवेवर येतं, हे मान्य करूनच बोलू. जागेच्या मालकाने तुला कधी ऐकलेलं नसतं. तो फोन उघडतो, आकडा बघतो, पोस्टरवर हे नाव टाकलं तर किती टेबलं भरतील याचा अंदाज बांधतो. त्यात मला त्याचा दोष दिसत नाही. जागेचं भाडं आणि पोरांचे पगार त्या टेबलांवरच निघतात. पण दुसरं बोलावणं त्या रात्री काय घडलं त्यावर ठरतं. लोक नऊ वाजता पार्किंगकडे निघाले की शेवटच्या ट्रॅकपर्यंत उभे राहिले. आधीच्या डीजेकडून टेबल घेताना तू नीट वागलास का. साउंडवाल्याने ‘गेन लाल दिव्यात जातोय’, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर चाललाय, असं सांगितल्यावर तू ऐकलंस का. मालक हे सगळं दुसऱ्या दिवशी आपल्या माणसांना विचारतो. एजन्सी तुला पहिलं बोलावणं विकतेय. दुसरं तिच्याकडे नाहीच, ते ती विकणार कुठून?

आता त्या पॅकेजमधला एकेक पदार्थ बघ. विकत घेतलेले फॉलोअर्स गंगापूर रोडवर गाडी लावून तुला ऐकायला येत नाहीत. समज, ऐंशी हजार फॉलोअर्सचा आकडा बघून एखाद्या मालकाने तुला बोलावलं आणि समोर वीस माणसं उभी राहिली, तर तो मालक तुला परत विचारणार नाहीच, वर आणखी चार मालकांना सांगेल. आज तुझ्याकडे आकडा नाही, पण नाव खराबही नाही. ही स्थिती त्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. ज्याला पुरस्कार द्यायचा त्याच्याकडूनच पैसे मागितले जात असतील तर तो पुरस्कार कुणी मोजत नाही, निदान या धंद्यातली माणसं तरी नाही. आणि पंधरा मिनिटांत डीजेने करायचं काय? चार गाजलेले ड्रॉप, म्हणजे गाण्यात ठोका एकदम जोरात परत येतो त्या जागा, एकामागोमाग टाकायचे आणि उतरायचं. तुझी सहा वर्षं त्या पंधरा मिनिटांत कुणाला दिसणार नाहीत.

‘टॉप डीजे’ पुरस्कारावरून एक यादी आठवली. जगात सगळ्यात गाजलेली यादी ‘डीजे मॅग’ या ब्रिटिश मासिकाची, टॉप १००. १९९७ पासून ती लोकांच्या मतांवर ठरते. त्या वर्षी ब्रिटिश डीजे कार्ल कॉक्स पहिला आला. पुढे टिएस्टो २००२ ते २००४ सलग तीन वेळा, आर्मिन व्हॅन ब्यूरेन आजवर पाच वेळा. ही माणसं टिकली, म्हणून यादी सगळीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण मत मागण्याच्या मोहिमा चालतात, त्यासाठी पैसा आणि माणसं लागतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. कोण किती लोकांना मत द्यायला लावू शकतो एवढंच त्या यादीतून कळतं. कॉक्सला तू २००० साली ऐकायला गेला असतास तर यादीतला त्याचा नंबर तुला आठवलासुद्धा नसता, तो तीन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या तीन यंत्रांवर, एकदम काय करतोय तेच बघत राहिला असतास.

मित्राबद्दल. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त जळजळ याच ठिकाणी आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

तयार सेट लावण्याची गोष्ट नवी नाही. कॅनडाच्या डेडमाऊस या डीजेने २०१२ मध्ये स्वतःच उघडपणे लिहिलं होतं की मोठ्या मंचावरचे बरेच जण, तो स्वतःही, बहुतेक वेळ प्ले बटण दाबतात. त्याचं कारणही समजून घे. मोठ्या फेस्टिव्हलमध्ये मागची स्क्रीन, लाइट, धूर, आतषबाजी हे सगळं सेकंदासेकंदाला गाण्याशी बांधलेलं असतं. डीजेने ऐनवेळी मनात येईल तो ट्रॅक काढला तर सगळं विस्कटतं. म्हणजे तिथे मुळात मागणीच ठरलेल्या तमाशाची असते. तुझ्या मित्राने तीच रीत शंभर-दीडशे माणसांच्या जागेत आणली, जिथे तिची काही गरज नाही. हे मला पटत नाही, तेही सांगते. पण ती चोरी नाही. फार तर ती त्याची भीती आहे. फ्लोअर रिकामा पडला तर काय, या भीतीने तो घरूनच सगळं बांधून आणतो. पुढे कधीतरी कुणीतरी त्याला चार तास वाजवायला सांगेल, त्या रात्री त्याचं त्यालाच कळेल.

आणि बटणाचा राग धरून बसू नकोस. न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रासो दोन रेकॉर्डचे ठोके हाताने जुळवायला लागला, तेव्हा तीच मोठी करामत होती. १९७२ मध्ये टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल आलं, तबकडी थेट मोटरवर फिरत असल्यामुळे वेग स्थिर राहायला लागला आणि काम थोडं सोपं झालं. मग सीडी प्लेअर आले, मग लॅपटॉप, मग ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण. दर वेळी जुन्या लोकांनी म्हटलं की आता कोणीही डीजे होईल. ठोके जुळवणं आज यंत्र करतं, ते तुझ्या कंट्रोलरवरही होतं. यंत्राला अजून जे जमत नाही ते सांगते. हजार ट्रॅकमधून आत्ता, या माणसांसमोर, कुठला काढायचा. तो किती वेळ चालू ठेवायचा. बेस कधी काढून घ्यायचा आणि लोकांना किती वेळ ताटकळत ठेवून परत द्यायचा. समोरची पहिली रांग नाचतेय म्हणून फसायचं नाही, मागच्या भिंतीला टेकलेल्यांचे पाय हलतात का ते बघायचं. तुला यातलं किती येतं हे तुझ्या पत्रावरून मला कळू शकत नाही. सहा वर्षं केलंस म्हणजे येतच असेल असंही नाही. ते तपासायची रीत पुढे सांगते.

हवा वाईटच असते असंही मनात घेऊ नकोस. मार्टिन गॅरिक्स या डच डीजेचा ‘अ‍ॅनिमल्स’ हा ट्रॅक २०१३ मध्ये आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एका ट्रॅकने जगभर हवा झाली आणि खूप जणांना वाटलं की हा एक हंगाम चालेल. तो टिकला, कारण संगीत बनवणं त्याच्या हातात होतं आणि हवा झाल्यावरही तो बनवत राहिला. उलट हवा किती महाग पडू शकते ते अविची या स्वीडिश डीजेच्या आयुष्यात दिसतं. विशीतच जगभर नाव, एका शहरातून दुसऱ्या शहरात न थांबता दौरे, पोटाची गंभीर दुखणी. २०१६ मध्ये त्याने दौरे बंद केल्याचं स्वतः जाहीर केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये मस्कतला तो गेला, २८ व्या वर्षी. त्याच्या गुणाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही, त्याच्या चाली आजही लोक गुणगुणतात. गुण होता, हवाही होती, पण दोन्ही पेलायला लागणारी विश्रांती आणि साथ वेळेवर मिळाली नाही. म्हणून तुझ्याकडे आज हवा नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस. तू रात्री घरी येऊन झोपतोस, सकाळी शिफ्टला जातोस, वडिलांशी बोलतोस. हे साधं नाही.

आता जे टिकले ते कुठे घडले ते बघ, कारण सल्ला तिथूनच निघतो.

फ्रँकी नकल्स १९७७ मध्ये शिकागोतल्या ‘वेअरहाऊस’ या क्लबात वाजवायला लागला आणि १९८२ पर्यंत तिथेच होता. एकच जागा, तेच लोक, आठवड्यामागून आठवडा. त्याच माणसांना दर आठवड्याला परत आणायचं तर तेच वाजवून चालत नाही. म्हणून तो जुनी डिस्को गाणी टेपवर कापून लांब करायचा, ठोक्याचा भाग वाढवायचा, लोकांना माहीत असलेलं गाणं त्यांना अनोळखी करून द्यायचा. आज आपण ज्याला हाऊस म्हणतो, तू ज्याच्या प्रेमात आहेस, ते त्या जागेत आणि त्या शहरात असं हळूहळू उभं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये लॅरी लेव्हन ‘पॅराडाइज गराज’मध्ये १९७७ पासून १९८७ ला ती जागा बंद होईपर्यंत. तिथे दारू विकली जात नव्हती. लोक फक्त संगीतासाठी यायचे, आणि लेव्हन सेट चालू असतानाही स्पीकरचा आवाज नीट करत बसायचा. कार्ल कॉक्सने इबिझातल्या ‘स्पेस’ क्लबात पंधरा उन्हाळे दर मंगळवारची रात्र सांभाळली, २०१६ पर्यंत.

यांच्या गुणाला जागा मिळाली, असं म्हटलं जातं. मला वाटतं, जागेने गुण घडवला. एका रात्रीचा पाहुणा डीजे आपले दहा हुकमी ट्रॅक वाजवून निघून जातो. त्याच जागी दर आठवड्याला उभं राहणाऱ्याचे ते दहा ट्रॅक दुसऱ्या आठवड्यातच संपतात. अकराव्यापासून तो डीजे व्हायला लागतो. तुला नव्वद हजारांत मिळणारी पंधरा मिनिटं आणि फुकटात मिळू शकणारी दर आठवड्याची एक रिकामी संध्याकाळ, यात मी डोळे मिटून संध्याकाळ घेईन.

तरी तुला खोटी आशा लावणार नाही. गुण असला की एक दिवस नाव होतंच, असं म्हणणारे तुला भेटतील. तसं होतंच असं नाही. चरणजित सिंग नावाचे मुंबईचे वादक हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची टीआर-८०८ (ठोक्यांचं) आणि टीबी-३०३ (बेसचं) ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग नाचाच्या ठोक्यावर वाजवले आणि ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचा नवा प्रकार उभा राहिला तो पुढे काही वर्षांनी, फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चा. चरणजित सिंगांची रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा जगाचे कान टवकारले आणि सत्तरी उलटलेले ते परदेशात मंचावर उभे राहिले. २०१५ मध्ये ते गेले. अठ्ठावीस वर्षं त्या कामाकडे कुणी बघितलं नव्हतं. मधल्या काळात ते संगीतावरच जगत होते, इतरांसाठी वाजवत होते. तुला जर हे काम नाव होवो न होवो करायचंच असेल, तर माझा पुढचा सल्ला उपयोगाचा आहे. आणि तीन वर्षांत नाव झालंच पाहिजे अशी अट मनात असेल तर तेही चूक नाही, पण ते स्वतःशी आत्ताच कबूल कर आणि कंपनीतली नोकरी घट्ट धरून ठेव.

दुसरं उदाहरण तुझ्या जास्त जवळचं आहे. न्यूक्लिया, म्हणजे उद्यान सागर, १९९८ मध्ये ‘बंदिश प्रोजेक्ट’ या गटात होता. त्याचा ‘बास रानी’ हा अल्बम आला २०१५ मध्ये, आणि मग पोरापोरांच्या तोंडी त्याचं नाव झालं. लोकांना वाटलं, हा एका रात्रीत आला. मध्ये सतरा वर्षं गेली होती. आणि त्याने वाजवलं काय? आपल्या रस्त्यावरचा, वरातीतला, मिरवणुकीतला ठोका. जे तू हळदीत रोज ऐकतोस आणि पत्रात खाली मान घालून लिहितोस तेच.

खाली मान घालू नकोस, हे मला मनापासून सांगायचंय. हळदीचा फ्लोअर हा मला माहीत असलेला सगळ्यात अवघड फ्लोअर आहे. एकाच मांडवात आजी, करवल्या, मामा, दहा वर्षांची पोरं आणि नवरदेवाचे इंजिनिअरिंगचे मित्र. प्रत्येकाला वेगळं हवं असतं आणि कुणीही तिकीट काढून आलेलं नसतं, त्यामुळे आवडलं नाही तर सरळ जेवायला निघून जातात. तिथे तू दोन तास सगळ्यांना धरून ठेवत असशील तर क्लबातली गर्दी तुला सोपी जाईल. आणि आपण नाशिकचे. ढोल-ताशा बघत मोठे झालो. ताशावाला पुढे उभा राहून समोरच्यांकडे बघत लय चढवतो, मध्येच खाली आणतो, आणि ढोलवाले त्याच्या इशाऱ्यावर असतात. एकदा पुढच्या गणपतीत नाचायचं सोडून फक्त ताशाकडे बघ. तो लय कधी चढवत नाही ते बघ. पहिल्या चौकात सगळं देऊन टाकलं तर शेवटच्या चौकात द्यायला काही उरत नाही, हे त्याला कुणी क्लबात शिकवलेलं नसतं.

यावरून तुझ्या त्या एका तासाकडे येते. वॉर्म-अप, म्हणजे मुख्य डीजेच्या आधी वाजवणं, हा अपमान, असं तुला वाटतं. या कामातला सगळ्यात कसबी तास तोच असतो. लोक येत असतात, गप्पा मारत असतात, हातात ग्लास असतो, उजेड अजून मावळलेला नसतो. त्यांना नाचवायचं नाही, नाचण्याच्या काठावर आणून ठेवायचं. ११८-१२० बीपीएमपासून (मिनिटाला तेवढे ठोके) सुरू कर, तासाच्या शेवटी १२४ च्या आसपास पोचव. मोठे ड्रॉप टाकू नकोस. मित्र जे ट्रॅक वाजवणार आहे ते आधी विचारून घे आणि त्यातला एकही वाजवू नकोस. शेवटचा ट्रॅक असा ठेव की त्याला त्यावरून सहज पुढे जाता येईल. आवाजाची पातळी थोडी खाली ठेव, म्हणजे तो आल्यावर त्याला चढायला जागा राहील. हे करणारे फार थोडे असतात, कारण मिळालेल्या एका तासात स्वतःला दाखवायची घाई सगळ्यांना असते. ज्याने फ्लोअर तापवून दुसऱ्याच्या हातात दिला त्याला त्या जागेचे लोक विसरत नाहीत. मित्राला मात्र सांग: “येतो, पण येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन दे.” रक्कम लहान असू दे. फुकट काम केलं की पुढच्या वेळीही फुकटच विचारतात, आणि तुमच्या मैत्रीतही ते सलत राहील.

नाशकातल्या अडचणी मला ठाऊक आहेत. पुण्या-मुंबईसारखे क्लब इथे नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरीच्या मळ्यात २००८ मध्ये सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला, त्याने आपल्याकडे असं संगीत उघड्यावर ऐकायची सवय लावली. पण फेस्टिव्हल दोन-तीन दिवसांचा, आणि तुझा प्रश्न बाकीच्या वर्षाचा आहे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बाराची सूट मिळते तेवढीच. त्यामुळे आपल्याकडचा सेट बहुतेक वेळा संध्याकाळी सहाला सुरू होऊन दहाला संपतो. या वेळेचं शास्त्र शीक. उन्हं उतरत असताना वाजवायचं संगीत वेगळं असतं, सावकाश, मोकळं. अंधार पडल्यावर बेस वाढव आणि साडेनऊला शिखर येईल असं बांध. पहाटे चारला वाजवणाऱ्या बर्लिनच्या डीजेची नक्कल इथे कामाची नाही. नाशकाच्या सहा ते दहामध्ये पारंगत असलेला डीजे अजून मला फारसा ऐकू आलेला नाही. ती जागा रिकामी आहे.

म्हणून पुढचं काम असं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा या पट्ट्यातल्या ज्या कॅफेत तू आधी वाजवलंयस तिथल्या मालकाकडे जा. शनिवार मागू नकोस, तो मिळणार नाही. त्याची जी संध्याकाळ रिकामी जाते ती माग, बुधवार असो, गुरुवार असो. तीन महिने, दर आठवड्याला, तीन तास. “पहिला महिना फक्त खर्च द्या, गर्दी वाढली तर पुढे ठरवू,” असं म्हण आणि मोबाइलवर का होईना, लिहून घे. आपली शिफ्ट बघून वार ठरव. एकदा ठरवला की चुकवू नकोस. लोकांना ‘बुधवारी तो असतो’ एवढी सवय लागायलाच दोन महिने जातात.

प्रत्येक सेट रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी बसने कामावर जाताना ऐक. स्वतःचं वाजवणं ऐकणं जड जातं, पण मघाशी म्हटलेली तपासणी हीच. तुझं बोट कधी फॉरवर्ड करायला जातं त्या जागा लिहून ठेव. दोन गाणी सुरात भांडतायत का ऐक. ठोके जुळले तरी पट्टी जुळली नाही तर कानाला खुपतं, आणि हळदीच्या गोंगाटात हे आपल्याला ऐकू येत नाही. जोडीला दुसऱ्यांचे लांब सेट ऐक. बीबीसी रेडिओवर १९९३ पासून ‘इसेन्शियल मिक्स’ हा दोन तासांचा कार्यक्रम चालू आहे. एक एपिसोड घे आणि तो कुठे थांबला, कुठे वळला, कुठे त्याने तुला फसवलं ते वहीत उतरव. रील ऐकून डीजे घडत नाही, कारण रीलमध्ये फक्त ड्रॉप असतो, त्याच्या आधीची वीस मिनिटं नसतात.

रील्स टाकूच नकोस असं मी म्हणत नाही. टाक. पण तुझ्या चेहऱ्याऐवजी फ्लोअर दाखव, आणि महिन्यातून एक पूर्ण तासाचा सेट टाक. तो पन्नास जणांनी ऐकला तरी चालेल. त्या पन्नासांत एखादा जागा चालवणारा असतो.

कानांचं एक सांगून ठेवते. तू मिरवणुकीत त्या भिंतीएवढ्या स्पीकरांच्या मागेपुढे तासन्‌तास उभा राहतोस. ८५ डेसिबल आवाज आठ तास झेपतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. मिरवणुकीत आवाज याच्याही वर जातो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि कानात कायमची शिट्टी वाजू लागलेला डीजे कितीही गुणी असला तरी कसा टिकणार? संगीत वाजवणाऱ्यांसाठी फिल्टरचे इअरप्लग मिळतात, ते आजच घे. आणि स्पीकरच्या भिंतींच्या स्पर्धेची कामं हळूहळू कमी कर. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आणि तान्ह्या बाळाचाही तो प्रश्न आहे. त्या आवाजात तुझी कलाही कुणाला ऐकू येत नाही.

राहिले वडिलांचे पैसे. ते द्यायला तयार आहेत यात त्यांचं प्रेम आहे, पण पॅकेजमध्ये काय मिळतं हे तू त्यांना नीट सांगितलंयस असं पत्रावरून वाटत नाही. एकदा शांतपणे बसून सांग. बागेचे पैसे एप्रिलच्या खरड छाटणीला, खताला, औषधाला लागतात. एक गारपीट झाली की पुढचं वर्ष उसनवारीवर जातं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काही खर्च करायचाच असेल तर त्यातला छोटा भाग, तोही स्वतःच्या पगारातून, चांगल्या हेडफोनवर, ट्रॅक रीतसर विकत घेण्यावर आणि स्वतःचं संगीत बनवायला शिकण्यावर कर. शेवटचं टाळू नकोस. हळदीत जे वाजवतोस त्यातलाच एखादा ठोका घे, ताशाचा आवाज स्वतः रेकॉर्ड कर, आणि त्यावर हाऊसचा एक ट्रॅक बांध. पहिला वाईट होईल. पाचवा ऐकण्यासारखा होईल.

आणि त्या पाच हजार टोकनचं. पावती किंवा मेसेज असेल तर एजन्सीला आजच लेखी कळव की पुढे जायचं नाही, टोकन परत करा. परत दिलं तर उत्तम. नाही दिलं, टाळाटाळ केली, ‘अजून दहा भरा मग बघू’ असं म्हणाले, तर त्या पाचांवर पाणी सोड आणि एक रुपयाही पुढे पाठवू नकोस. मग मित्राला फोन लाव आणि विचार, साउंड चेक किती वाजता आहे.

— ताई